दगडाखालची बोटं

"...मी नसतो तर हा शोध लागला असता का? एवढंच सांगा, बाबा."

दर्ग्याच्या पायरीवर बसलेल्या दस्तगीरबाबांनी मोरपिसांचा कुंचा खाली ठेवला.

निरंजन उपासनी याच गावचा. आता भौतिकशास्त्राचा नावाजलेला प्राध्यापक. त्याच्या शोधाला मोठं पारितोषिक मिळणार होतं. नाव एक घालायचं की दोन, ते समितीला आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. दुसरं नाव सुमती कोलतेचं. प्रयोगशाळेत तिचं सारं तारुण्य त्याच्या शेजारच्या टेबलाशी गेलं होतं.

"प्रयोग तिनं केले. पण सुचलं मला. सुचणारा एकच असतो, बाबा."

"असेल. अंगणातला तो दगड उचल."

निरंजन हसला. लहानपणापासून तो दगड त्याला ठाऊक होता. अकरा जणांनी एकेक बोट लावायचं, पीराचं नाव घ्यायचं, मग तो उठायचा.

"एकट्यानं?"

"तूच म्हणालास, एकच असतो."

बाबांनी हाक मारली. आजूबाजूचे दहा जण गोळा झाले. निरंजन अकरावा.

नाव घेतलं. दगड उठला. गुडघ्यापर्यंत... कमरेपर्यंत...

"निरंजन, बोट काढ."

त्यानं काढलं. दगड कलला आणि धप्पकन पडला. माणसं मागे उडाली.

"पाहिलंत?" निरंजनचा चेहरा उजळला. "मी बोट काढलं आणि पडला!"

"खरं आहे. पुन्हा लावा रे."

दगड पुन्हा कमरेशी आला. निरंजनचे डोळे स्वतःच्या बोटावर खिळले होते. बाबांनी त्याच्या समोरच्याला मानेनं खूण केली. त्यानं बोट काढलं; निरंजनला तेवढं बोटच दिसलं.

दगड तसाच कलला. तसाच पडला.

"बाबा, आज पाय मोडता काय आमचे!" कुणीतरी हसत ओरडलं. माणसं पांगली.

निरंजन बोट चोळत उभा राहिला...

"समोरच्यानं काढलं, तरीही पडला," तो हळूच म्हणाला.

"पडला."

"मग मी काय कळवू?"

बाबांनी कुंचा उचलला. त्याच्या खांद्यावरून मायेनं फिरवला.

"ते नंतर बघू, बेटा. तुझ्या समोर उभा होता, तो कोण होता?"