मेंढीला विचारलेला प्रश्न

डोंगराच्या पोटाशी एक रान होते, बाळांनो, आणि त्या रानात कळपातून चुकलेली एक मेंढी आपल्या एकुलत्या एका कोकराला घेऊन राहत असे. एके दिवशी लांडग्याने ते कोकरू पळवले. बिचारीचे काळीज फाटले. चारा समोर असून तिच्या घशाखाली घास उतरेना.

रानाच्या कडेला ख्रिस्ती लोकांचे लहानसे चर्च होते. भटकत भटकत मेंढी त्याच्या खिडकीशी गेली. आत फादर आपल्या देवाविषयी सांगत होते, "आपला मेंढपाळ तोच, आणि बळी गेलेले कोकरूही तोच. तो मेला, आणि तो जिवंत आहे." मेंढीला यातले काही उमगले नाही, पण ती हमसून हमसून रडली आणि परतताना चार काड्या खाल्ल्या. मग ती रोज खिडकीशी जाऊ लागली. भेटेल त्याला सांगू लागली, "माझं बाळ एकटं नाही गेलं हो! मेंढपाळच कोकरू होऊन त्याच्यासोबत गेला."

आता कोल्होबांना हे कसे सोसावे? रानातले तंटे तेच सोडवत. 'हे की ते?' एवढेच ते विचारत. साळिंदर आणि मुंगूस एका बिळावरून भांडले, तेव्हाही याच प्रश्नाने निवाडा झाला होता. त्यांनी सगळ्यांसमोर मेंढीला गाठले.

"मेंढीताई, जो राखतो तो मेंढपाळ, ज्याला राखतात ते कोकरू. मग तो हे की ते? आणि मेला की जिवंत?"

"मला नाही कळत, कोल्होबा. पण आठवलं की घास उतरतो."

"न कळणाऱ्या गोष्टीवर जगतेस होय? हे की ते, बोल!"

सगळे खो खो हसले. मेंढीने पुष्कळ विचार केला. शेवटी ती हळूच म्हणाली, "दोन्ही कसं खरं असेल? चुकलंच माझं." निवाडा बिनतोड झाला, म्हणून कोल्होबांची सर्वांनी वाहवा केली.

मेंढी पुन्हा खिडकीशी गेली नाही. तिने चारा सोडला. कोल्हा काही दुष्ट नव्हता हो, नुसता शहाणा होता. तिच्या बरगड्या दिसू लागल्या तसा तो घाबरला आणि तोंडात कोवळा पाला धरून तिच्याकडे धावला. पाला तिच्यापुढे ठेवून म्हणाला,

"खा गं बाई! मी खरं तेच बोललो ना?"

"खरंच बोललास, दादा. म्हणून तुलाच विचारते. माझ्या बाळाचा जीव जाताना त्याच्याजवळ कोण होतं?"

उत्तर सोपे होते. लांडगा. त्यात कुठेही विसंगती नव्हती. कोल्ह्याने तोंड उघडले, पण तो शब्द त्याच्याने बोलवेना. मेंढी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि ऊन उतरायच्या आत बघता बघताच तिचा जीव गेला.

तात्पर्य : दुसऱ्याच्या श्रद्धेतला विरोध दाखवण्याआधी ती श्रद्धा कोणते दुःख पेलून धरते आहे, ते पाहावे.