पाटलीणबाईंचे विरजण

भाविकहो, श्रीसखानंद महाराजांचा मुक्काम त्या वर्षी कृष्णाकाठच्या कुसुंबळे गावी होता. नामसप्ताह संपत आला होता. दुसऱ्या दिवशी काला. काल्याचे दही दरवर्षी सावित्राक्का पाटलीणबाईंकडून येई, आणि त्याचा त्यांना ताठाही होता. यंदा मात्र तो मान महाराजांनी ठकूबाईला दिला. तिची भाकड म्हैस महाराजांच्या अंगाऱ्याने व्याली होती, आणि तिच्या दुधाचे पहिले दही काल्याला वाहायचा तिने नवस केला होता. ठकूचे पाय आनंदाने जमिनीवर ठरत नव्हते!

संध्याकाळी तिने दूध तापवून कोमट केले आणि विरजण घ्यायला वळली, तर मांजराने वाटी चाटून लख्ख केलेली! ती धावतच आक्कांच्या दारी गेली. आक्का नुकत्याच तुळशीपुढे दिवा लावून वळल्या होत्या. आता दिवेलागणीनंतर विरजण कोणी देत नाही, त्यासोबत घरची लक्ष्मी जाते म्हणतात. तेवढेच सांगून आक्का थांबत्या तर बरे होते.

"दिवं लागलं, ठके. आता विरजण उंबऱ्याबाहेर जायाचं न्हाई," असे म्हणून त्या अंगणात जमलेल्या शेजारणींकडे पाहून हसल्या. "एका म्हशीची मालकीण काल्याला दही घालाया निघाली! पडलं बघ तुझ्या नवसावर विरजण."

बायका फिदीफिदी हसल्या. ठकू रडत देवळात आली आणि महाराजांना सारे सांगू लागली. शेवटच्या बोलण्यापाशी महाराज एकदम सरसावून बसले.

"काय म्हणाली ती? पुन्हा सांग."

"नवसावर विरजण पडलं म्हनली, म्हाराज."

महाराजांनी आनंदाने टाळी वाजवली. "पडलं ना? मग रडतेस कशाला, वेडे? मागायला गेलीस तेच तिनं दिलं! जा, दुधावर झाकण ठेव."

काय ती माउलीची श्रद्धा! ठकूने एका शब्दाने शंका घेतली नाही. सकाळी झाकण काढले तर काय, मडके कलते केले तरी हलेना असे घट्ट, सायीचे दही! ते डोक्यावर घेऊन ती देवळाकडे अक्षरशः धावली.

काला झाला, प्रसाद वाटला. सावित्राक्का मात्र उतरल्या चेहऱ्याने उभ्या होत्या. त्यांच्या घरी विरजलेले एकही मडके लागले नव्हते. दूध तसेच्या तसे. प्रसाद तोंडात टाकून त्यांनी हळूच विचारले, "ठके, विरजण कुनाचं गं?"

"तुमचंच की, आक्का," ठकू निर्मळपणे म्हणाली. "काल तुम्हीच दिलंत."

आक्का गोंधळून महाराजांकडे पाहू लागल्या. महाराज म्हणाले, "दिवेलागणीनंतर दिलंस, बाई. उंबऱ्याबाहेर गेलं ते घरात कुठून राहणार?"

आक्कांना आपले कालचे हसणे आठवले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. मग उठून साऱ्या गावादेखत ठकूपुढे वाकल्या आणि पदर पसरून त्यांनी तिच्याकडे चमचाभर विरजण मागितले.

ठकूने त्यांना वाटी भरून दिली.