दिवाणजींची परीक्षा

अंबरगड संस्थानात मुलींची एकच शाळा होती आणि तिथं द्वारकाबाई शिकवत. त्या छडी वापरत नाहीत, हे दिवाण त्र्यंबकरावांच्या कानावर गेलं. धाकाशिवाय विद्या येत नाही, असं सांगत ते खुद्द महाराजांनाच शाळेत घेऊन आले.

दिवाणजींनी मेजावर काठी आपटली आणि ते पुढं बसलेल्या वेणूवर खेकसले, "सात अठ्ठे किती? बोल लवकर."

वेणूला पाढे पाठ होते, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"पाहिलंत, महाराज? ही शाळा बंद केलेलीच बरी."

द्वारकाबाईंनी हात जोडले. "महाराज, दिवाणजींनाही एक सोपा प्रश्न विचारावा. मात्र त्यांच्याच आवाजात."

महाराजांच्या ओठांवर हसू आलं, ते दाबून महाराज एकाएकी कडाडले, "दिवाण, संस्थानात गावं किती? चुकलात तर आजच दिवाणगिरी गेली!"

त्र्यंबकरावांना दरदरून घाम फुटला. "एकशे... माफी असावी... एकशे..." वीस वर्षं कारभार पाहिलेल्या माणसाला आकडा आठवेना.

"त्यांना उत्तर येतं, महाराज," द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या. "धाकानं ते घशात अडकलंय. माझ्या वेणूचंही तेवढंच झालं."

महाराज वेणूशेजारी बसले आणि त्यांनी तोच प्रश्न हळूच विचारला.

"छप्पन्न," ती म्हणाली.

"शाळा चालू राहील," महाराजांनी जाहीर केलं.

वेणू अजून दिवाणजींकडेच बघत होती. "महाराज," ती म्हणाली, "आता त्यांनाही हळू विचारा ना."