त्रेपन्नाव्या गोलाची शाबासकी

एका गावात एक म्हातारा होता, आणि जे झालं त्यात चूक त्याचीच होती. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर शेवटी चार वडीलधारे जमतात, माना हलवतात आणि सगळं पोरीवर ढकलून मोकळे होतात.

म्हाताऱ्याचं नाव येसबा सातपुते. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं. बाजारपेठेच्या टोकाला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. चपला तो नाइलाजाने शिवायचा. जीव सगळा फुटबॉलात. गावच फुटबॉलचं वेडं होतं. कुस्तीच्या तालमीतसुद्धा कोपऱ्यात चेंडूंची जाळी टांगलेली असायची. पंचक्रोशीत कुठलाही चेंडू उसवला की तो येसबाकडे यायचा. येसबा चेंडू गुडघ्यांत धरायचा, डोळे मिटायचा आणि शिवणीवरून अंगठा फिरवायचा. कुठं ढिलं आहे ते अंगठ्याला बरोबर कळायचं. मग दाभण, मेण लावलेला दोरा, दोन टाके, झालं काम.

"जिथं उसवलंय तिथं बघायचं," तो म्हणायचा. "बाकीचे टाके धड आहेत. ते बघून काय करायचंय?"

चेंडूच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. घोळ असा झाला, की येसबा माणसांनाही चेंडूसारखंच चाचपायचा.

दुकानासमोर भाजी विकणाऱ्या माळणीची पोर शर्वरी. सगळे तिला शरू म्हणायचे. नऊ वर्षांची असताना तिने येसबाकडचा दुरुस्त झालेला एक चेंडू सहज लाथाडला. चेंडू रस्ता ओलांडून गेला आणि समोरच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर, जिथं बघून तिने मारला होता, नेमका तिथंच बसला. येसबाने हातातली चप्पल खाली ठेवली. उठला, कोळसा घेतला, भिंतीवर परातीएवढं वर्तुळ काढलं आणि म्हणाला, "ह्यात मार."

तिने मारला. वर्तुळात गेला. तिने मागं वळून येसबाच्या तोंडाकडे बघितलं.

येसबा काही बोलला नाही. महिनाभराने ती दहापैकी दहा मारायला लागली, तेव्हा त्याने परात पुसली आणि ताटाएवढं वर्तुळ काढलं. पुढं ताटलीएवढं. शेवटी वाटीएवढं. डाव्या पायाने, उजव्या पायाने, पळत येऊन, उभ्या जागेवरून. प्रत्येक वेळी ती वळून बघायची आणि प्रत्येक वेळी म्हातारा कोळसा उचलायचा. त्याच्या मनात वर्तुळ लहान करणं हीच शाबासकी होती. फक्त हे त्याने पोरीला कधी सांगितलं नाही. तिला एवढंच कळायचं, की कितीही मारलं तरी पुरत नाही.

आता म्हाताऱ्याचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणेल, तर ते खोटं आहे. पोरींच्या मापाचे बूट गावात मिळत नव्हते, तर त्याने मोठे बूट उसवून, कापून, तिच्या पायाच्या मापाने परत शिवले. पाय वाढला की परत उसवले, परत शिवले. तालमीतल्या म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, की पोरीच्या जातीला अर्ध्या चड्डीत कशाला पळवतोस. येसबाने वाद घातला नाही. त्यांच्या चपला शिवायचं बंद केलं. पंधरा दिवसांत तालमीतले सगळे म्हातारे फटक फटक करत फरपटत चालायला लागले आणि गप्प बसले.

एवढं सगळं हातांनी केलं. तोंडाने मात्र एक शब्द नाही.

सतराव्या वर्षी शरू देशाच्या संघात गेली. पहिला गोल केला आणि मैदानातून बाहेर आल्या आल्या येसबाच्या दुकानात फोन लावला.

"मामा, पहिला झाला."

"बघितला," येसबा म्हणाला. "गोलकीपर आधीच आडवी झाली होती. उभी असती तर काय केलं असतंस?"

शरू हसली. पुढचा महिनाभर तिने उभ्या गोलकीपरसमोर सराव केला.

मग ती पद्धतच पडली. गोल झाला की फोन यायचा, फोन आला की म्हातारा अंगठा फिरवायचा. अकरावा गोल डोक्याने झाला, तर हेडर मारताना डोळे मिटलेस. एका सामन्यात तीन केले, तर तिसरा उजव्याने मारायचा होतास. चाळिसावा अर्ध्या मैदानातून पळत जाऊन केला, सगळ्या पेपरांनी फोटो छापले, तर म्हणे डावीकडे पोरगी मोकळी होती, तिला बघितलंस का? आणि शरू प्रत्येक वेळी "व्हय मामा" म्हणायची.

इकडं येसबाचं काय चाललं होतं, ते ऐका. दाढीला गेला की न्हाव्याला अर्धा तास शरूचा गोल सांगायचा. ब्रशने साबणात मैदान काढून दाखवायचा. चहावाल्याला सांगायचा, पोस्टमनला सांगायचा. चप्पल शिवायला थांबलेल्या परगावच्या माणसाला, ज्याला फुटबॉल गोल असतो एवढंच ठाऊक, त्यालाही सांगायचा. आऱ्या आणि रापी ठेवायच्या पत्र्याच्या डब्यात त्याने तिचे कापलेले फोटो घडी करून ठेवले होते. शरूचं कौतुक ज्याने ऐकलं नव्हतं असं गावात एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे शरू.

एकदा न्हाव्याने विचारलं, की मामा, हे सगळं तिलाच का सांगत नाहीसा?

"तोंडावर कौतुक केलं की पोर बिघडतं," येसबा म्हणाला.

त्या गावात हे वाक्य प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडी होतं. मास्तर म्हणायचे, तालमीतले पंच म्हणायचे, बाप म्हणायचे. कौतुकाने बिघडलेल्या एका तरी पोराचं नाव सांगा म्हटलं असतं, तर एकालाही सांगता आलं नसतं. कौतुकावाचून सुकलेलं पोर मात्र घरटी एक होतं. त्यांची मोजणी कुणी केली नाही, कारण ती पोरं गप्प होती, आणि गप्प पोराला हे लोक शहाणं म्हणतात.

हौसामामी, म्हणजे येसबाची बायको, हे सगळं बघत होती. ती एकदा म्हणाली, "पोरीला एकदा चांगलं म्हणा की. जीभ काय झिजत नाही."

"म्हणणार आहे," येसबा म्हणाला. "बावन्नचा विक्रम मोडू दे. त्या दिवशी म्हणणार."

देशासाठी सगळ्यात जास्त गोल आधीच्या पिढीतल्या एका खेळाडूचे होते. बावन्न. शरू तेव्हा चव्वेचाळीसवर होती. येसबाने चांगलं पांढरं कातडं आणलं आणि नवा चेंडू शिवायला घेतला. बत्तीस तुकडे स्वतः कापले. रोज दुपारी जेवण झालं की दोन-चार टाके घालायचा. डोळे अधू झाले होते, दोरा ओवायला मामी लागायची. विक्रम झाला की हा चेंडू द्यायचा आणि शाबास म्हणायचं, असं ठरलेलं. म्हाताऱ्याने शाबासकीला मुहूर्त काढला होता.

शरूचे बावन्न झाले आणि पुढच्या सामन्याला तालमीत टीव्हीसमोर सगळं गाव जमलं. वेळ दुपारी चारची. पुढच्या खुर्च्यांवर नेहमीचे म्हातारे, दाराशी बायका, मधल्या खुर्चीवर येसबा, आणि त्याच्या मांडीवर पिशवीत तो नवा चेंडू. पहिल्या हाफात शरूला दोन संधी मिळाल्या. एक बारच्या वरून गेली, एक थेट गोलकीपरच्या हातात. तालीम चुकचुकली. दुसऱ्या हाफात ती उजवीकडून आत आली, दोघींना चुकवलं, कोन असा, की गोलपेक्षा खांबच जास्त दिसत होता. तिने डाव्या पायाने मारला. खांब आणि गोलकीपरचा हात ह्यांच्यात वाटीएवढी जागा होती. चेंडू त्या वाटीतून गेला.

गुलाल उधळला. म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. सामना संपला, आणि पाच मिनिटांत येसबाचा फोन वाजला. कुणीतरी तो स्पीकरवर टाकला.

"मामा," शरूला धाप लागली होती. "त्रेपन्न झाले. बघितलासा?"

"बघितला."

मग इतक्या वर्षांत तिने जे कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"बरा झाला का?"

शब्द येसबाच्या जिभेवर होता. आठ महिने तोच तर शिवत बसला होता. पण आजूबाजूला सगळी तालीम त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि पिशवीच्या आत त्याचा अंगठा सवयीने चेंडूच्या शिवणीवरून फिरत होता.

"पहिल्या हाफात दोन घालवलीस," तो म्हणाला.

पलीकडे मैदानावरचा गोंगाट ऐकू येत होता.

"व्हय मामा," शरू म्हणाली. "घालवली."

फोन बंद झाला. दाराशी उभी असलेली हौसामामी घरी निघून गेली. तालमीतला एक म्हातारा येसबाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, की बरोबर बोललास, डोक्यात हवा जाता कामा नये. हा तोच, जो पाच मिनिटांपूर्वी गुलालात लोळत होता. पाठीवर थाप पडली, ती अशी चुकीच्या माणसाच्या.

त्यानंतर शरूचे फोन यायचे. दिवाळीला, पाडव्याला, मधेच कधीतरी. मामांचे डोळे कसे आहेत, मामीचा गुडघा कसा आहे, दुकानावरचा पत्रा बदलला का, सगळं विचारायची. खेळाचं एक अक्षर नाही. चोपन्नावा गोल झाला त्या दिवशी येसबा फोन चपला ठोकायच्या ऐरणीवर ठेवून बसून राहिला. फोन वाजला नाही. त्याला वाटलं, फोनच बिघडला. दुरुस्तीला नेला. दुकानदाराने दोनदा तपासला आणि फोन धड आहे म्हणाला.

आपणच लावावा, हे त्याला सुचलं नाही असं नाही. पण आधी थोरल्या माणसाने बोलायचं म्हणजे काय, ह्या ताठ्यात दीड वर्ष गेलं. साठावा गोल त्याने पेपरात वाचला, पेपराची घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी चेंडूची पिशवी घेऊन एसटीत बसला. एसटी, मग रेल्वे, मग रिक्षा. दोन दिवसांनी तो संघाच्या सरावाच्या मैदानावर पोचला.

शरू पळत आली. पाया पडली. चहा आणला, बरोबर खारी आणली, सावलीला खुर्ची दिली, आणि सरावाला परत गेली. येसबा बघत बसला. तिने लांबून मारला, चेंडू वरच्या कोपऱ्यात गेला. येसबा वाट बघत राहिला. ती वळली नाही. चेंडू आणायला गेली, परत मारला, परत गेला. तरी वळली नाही. कुठं उसवलंय ते म्हाताऱ्याच्या अंगठ्याला कळलं.

तो खुर्चीतून उठला आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शाबास, शरू."

शरू थांबली. सगळं सोडून धावत आली.

"मामा, काय झालं? बरं वाटत नाही का?"

येसबा खाली बसला. त्याने पिशवीतून चेंडू काढून तिच्या हातात दिला. तिने तो गुडघ्यांत धरला, डोळे मिटले, अंगठा फिरवला.

"इथं एक टाका ढिला आहे," ती म्हणाली.

टोमणा नव्हता. ती जे शिकली होती तेच करत होती. येसबाने टोपीत खोचलेली सुई काढली. शरूने दोरा ओवून दिला. मैदानाच्या कडेला बसून म्हाताऱ्याने टाका आवळला. तो दात लावून दोरा तोडत होता, तेव्हा ती म्हणाली, "चेंडू लई झकास झालाय, मामा."

येसबाला एवढ्या आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याचं काय करायचं हे त्याला कळेना.

"एक टाका ढिला होता की," तो पुटपुटला.

शरू हसायला लागली. पोट धरून हसली. जरा वेळाने म्हाताराही हसला, आणि मग डोळे पुसत बसला. तिने तो चेंडू आपल्या खोलीत उशाशी ठेवला, मामाला स्टेशनावर सोडलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली.

इथं गोष्ट गोड होऊन संपली असती. पण शरू रागावलेलीच नव्हती, तर तिची समजूत कशी काढणार? गोल झाला की कुणाला तरी विचारायचं, बरा झाला का, ही गरजच तिच्यातून निघून गेली होती. ती नंतरही गावाला आली की सगळ्यांत आधी येसबाच्या दुकानात बसायची. गोलांचं बोलायची नाही. येसबा आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोराला शाबास म्हणायचा, शाळेतून येणाऱ्याला, सायकल शिकताना पडलेल्याला. पोरं हसायची. तालमीतले म्हातारे म्हणायचे, येसबा बिघडला.

तात्पर्य, आणि हे पोरांसाठी नाही, त्यांच्या थोरांसाठी आहे: शाबासकीला मुहूर्त काढू नये, पोर ज्या दिवशी वळून तोंडाकडे बघतं, त्याच दिवशी ती द्यावी. शरूने देशासाठी एकाहत्तर गोल केले. त्यांतले शेवटचे अठरा येसबाने पेपरात वाचले.