वरच्या पिनेची साखळी

"पण मग बाबा, साखळी वर बांधतं कोण?" हिंदुरावानं विचारलं.

सोमगिरीबाबांनी मठीतल्या धुनीतलं लाकूड आत सरकवलं.

"कुठं वर?"

"ट्रॅक्टरच्या मागं, वरच्या पिनेला. रोज सांजंला मी साखळी सोडून खाली ठेवतो. सकाळी बघावं, तर वर अडकवलेली. आज चौथा दिवस."

"गावातलं कुणी असंल."

"देवराईत कोण येतंय बाबा? गुराखीबी फिरकत न्हाईत."



परतीच्या पावसात वादळ झालं आणि देवराईतल्या झऱ्याच्या वाटेवर सात झाडं आडवी झाली. राईतलं वाळकं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, ही त्या गावची जुनी रीत. पडलेलं झाड पडल्या जागीच मातीला मिळायचं. पण झऱ्याचं पाणी तर हवं. गावानं देवाला कौल लावला, तेव्हा कुठं वाटेपुरती परवानगी मिळाली. झाड ओढून कडेला सारायचं, बस्स.

त्या कामाला हिंदुराव आपणहून आला होता, स्वतःचा छोटा ट्रॅक्टर घेऊन. वाट मोकळी झाली की बाबांनी अनुग्रह द्यावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

हिंदुराव म्हणजे नाकानं कांदे सोलणारा गडी. चार दिवसांत त्यानं सहा खोडं ओढली, वाटेवर आलेल्या करवंदीच्या जाळ्या बाजूला सारल्या आणि दर खोडामागं मठीत येऊन सांगितलं, की असं काम पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. बाबा नुसतं हूं म्हणायचे. वर्षभर आपल्याला झोप नाही, हेही त्यानं सांगितलं होतं. ते मात्र अगदी हळू आवाजात.

"वर बांधली तर काय हुतं रं?" बाबांनी विचारलं.

"काय हुतं? खोड कुठंतरी अडतं, इंजिन जोर लावतं, आन् पुढची चाकं उचलतात. ट्रॅक्टर सरळ मागं उलथतो. साखळी कायम खालच्या हुकाला. हे शेंबडं पोरगंबी सांगंल."

"मग मागल्या साली ह्योच ट्रॅक्टर कसा उलथला?"

हिंदुरावानं मान खाली घातली.

"सांगितलंय की तुमास्नी. दौलतनं साखळी वर बांधली व्हती. माज्या धाकट्या भावानं. मडगार्डवर बसला व्हता. मी उडी टाकली... त्याला न्हाई जमली."

हेच त्यानं पंचनाम्यात सांगितलं होतं. आईला सांगितलं होतं, दौलतच्या बायकोलाही सांगितलं होतं. ती बिचारी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, की आमच्याच माणसाला अक्कल नव्हती.

बाबा उठले.

"चल. दाव मला."

सकाळ नुकती फुटली होती. राईच्या तोंडाशी, सातव्या झाडापुढं, ट्रॅक्टर उभा होता. झाड जांभळीचं, दोघांच्या कवेत न मावणारं. मार्गशीर्षाचं दव सगळीकडं पडलं होतं. बॉनेट ओलं, सीट ओली, स्टिअरिंगवरून थेंब ओघळत होते.

डावं मडगार्ड तेवढं कोरडं होतं. माणूस बसावा एवढीच जागा, कोरडी ठणठणीत.

हिंदुरावानं ती जागा रोज पाहिली होती. कालपर्यंत रोज दुसरीकडचं दव हातानं आणून तिच्यावर फासलं होतं, आणि बाबांना एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

साखळी वरच्या पिनेला लोंबत होती. वारा नव्हता, तरी तिची शेवटची कडी हलत होती.

बाबांनी ती सोडवली आणि हिंदुरावाच्या हातात दिली.

"डोळे मीट. बांध."

"डोळे मिटून?"

"पंधरा वर्सं बांधतोयस म्हणतोस. हाताला ठावं असंल."

हिंदुरावानं डोळे मिटले. हात आपसूक गेले. खट्ट आवाज झाला. त्यानं डोळे उघडले...

साखळी वरच्या पिनेला होती.

"चुकलं," तो म्हणाला आणि हसायला गेला.

"पुन्हा बांध."

पुन्हा वर.

तिसऱ्या वेळी तो मनातल्या मनात खाली, खाली म्हणत राहिला. वाकायला म्हणून गुडघे दुमडले. हात तरीही वर गेले, आणि खट्ट झालं. एवढ्या गारठ्यात त्याच्या पाठीवरून घामाची धार सुटली. राईत एकही पाखरू बोलत नव्हतं.

"त्या दिवशी..." बाबा म्हणाले आणि थांबले.

हिंदुराव मटकन खाली बसला.

"मी बांधली व्हती, बाबा. खाली चिखल व्हता. वाकायचा कंटाळा केला. दौलत म्हणाला, दादा, खाली बांध की. मी म्हणालो, तू मला शिकवू नगंस. गप वर बस."

त्याला हुंदका आवरेना. वर्षभर दाबून ठेवलेलं आता एकदम बाहेर येत होतं, आणि ते थांबवावं असं त्याला वाटत नव्हतं.

"तो बसला, बाबा. मी सांगितलं म्हणून बसला."

"हे कुणाला सांगायचं?"

"भावजयीला. आईला." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "आजच सांगतो. आत्ताच जातो. मग त्यांनी मला दारात उभं न्हाई केलं तरी चालंल."

तो उठला. बाबांच्या पाया पडायला वाकला, पण बाबांचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. ते त्याच्या खांद्यावरून पलीकडं, मडगार्डवरच्या त्या कोरड्या जागेकडं बघत होते. एखाद्या रुसलेल्या पोराशी बोलावं, तसं अगदी मायेनं म्हणाले,

"ऐकलंस न्हवं? उतर आता, लेकरा."