साखळीएवढं अंगण

“कुत्र्यातलं माझ्याएवढं कळणारा माणूस पंचक्रोशीत दाखवा, बाबा!” बिरू छाती ठोकून म्हणाला. मग खुंटाभोवती फिरणाऱ्या कुत्र्याकडं नजर गेली, तसा आवाज उतरला. “हे एक येडं सोडून.”

सटवाबांनी तंबाखू मळणं काही थांबवलं नाही.

सटवाबा वाघ्या. वाघ्या म्हणजे खंडोबाचं कुत्रं. देवापुढं भुंकायचं, भिक्षेच्या कोटंब्यात पडेल ते खायचं. म्हाताऱ्यानं उभा जन्म देवाचं कुत्रं होऊन काढला. गावातल्या पुष्कळ जणांना तेवढंही जमलं नाही.

बिरूलाही वाघ्या व्हायचं होतं. दंड असे की बैलानं लाजावं. खंडोबाच्या जागरणात लंगराची लोखंडी साखळी एका हिसक्यात तोडायचा, आणि मग देवाकडं बघायच्या आधी बायांकडं बघायचा.

वीटभट्टीवर साखळीला बांधून मार खाणारा हा भुऱ्या त्यानंच सोडवून आणलेला. नुसत्या हातांनी साखळी तोडून! ती साखळी आता दाराच्या खुंटीला लटकत होती. आल्यागेल्याला तो ती वाजवून दाखवी.

त्याला वाघ्या करायची बाबांची अट एकच. भुऱ्या आपल्या पायांनी बिरूबरोबर देवळाच्या पायरीला आला, की भंडाऱ्याची पिशवी बिरूच्या गळ्यात. उद्या चंपाषष्ठी. उद्या हुकलं की गेलं पुढच्या सालावर.

“अडलंय कुठं?” बाबांनी विचारलं.

“बघा की तुमीच.”

अंगणात शेळीचा रिकामा खुंट होता. आल्या दिवशी भुऱ्या आपणहून तिथं जाऊन बसला होता. आता त्याच्याभोवती फिरत होता. गळ्यात दोरी नाही, पट्टा नाही. तरी ठरल्या जागी आला की कुणीतरी मागं ओढल्यासारखी मान झटकायचा आणि वळायचा. मातीत गोल वाट पडली होती.

“ओढून नेला तर मुततो,” बिरू म्हणाला. “घेराच्या भायेर मटणाचं हाडूक ठेवलं. मुंग्या जेवल्या.”

“साखळी तोडलीस म्हणं तू.”

“तोडली म्हंजे! ऐका…” बिरूनं खुंटीवरची साखळी खळ्ळकन हलवली.

भुऱ्यानं पोट मातीला टेकवलं. तसाच सरपटत खुंटाला जाऊन चिकटला.

…

बिरूचा हात तसाच वर राहिला. रोज वाजवत होता. वाजवताना कुत्र्याकडं मात्र आज पहिल्यांदा बघितलं.

“आण हिकडं ती,” बाबा म्हणाले.

त्यांनी साखळी आपल्याच गळ्यात घातली. वाजू नये म्हणून एका मुठीत कड्या घट्ट धरल्या. आणि तो म्हातारा, ज्याला देवळाची पायरी चढताना चार देव आठवायचे, तो गुडघ्यांवर मातीत उतरला.

बिरूला हसू आलं. ते ओठांपर्यंत येऊन तिथंच मेलं.

बाबा भुऱ्याच्या वाटेवरून रांगत होते. त्याच्याकडं न बघता. एक फेरा. थांबले, धापा टाकल्या. पुन्हा फेरा. भुऱ्या उठला. लांब राहून मागं लागला.

मग बाबांचा हात वाटेच्या वीतभर बाहेर पडला.

भुऱ्या कडेला थांबला. साखळी घालून बाहेर गेलेल्या त्या मानेकडं बघत राहिला. कुणी ओढलं नाही. कुणी मारलं नाही.

…

त्यानं एक पाय बाहेर ठेवला.

घेर वाढत तुळशीपाशी गेला. उकिरड्यापाशी गेला. शेळ्या ओरडायच्या थांबल्या, आणि त्या घरात असं कधी झालं नव्हतं. बिरूला आपला श्वाससुद्धा मोठा वाटायला लागला. फाटकापाशी म्हातारा थांबला, तेव्हा भुऱ्या जवळ आला. साखळी धरलेली ती मूठ त्यानं हुंगली… आणि चाटली.

बिरू कधी गुडघ्यांवर आला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

बाबांनी गळ्यातली साखळी काढली आणि हळूच, आवाज न करता, बिरूच्या गळ्यात घातली. फाटकाबाहेर देवळाची वाट होती. भुऱ्या दोघांच्या मध्ये उभा होता.

बिरूचे दंड सवयीनं फुगले.

“तोडू, बाबा?”

“तोडणारे देवाकडं ढीगभर हायेत रं. त्याला कुत्रं मिळंना झालंय.”