कालवड आणि बाभळीच्या शेंगा

माळाला लागून असलेल्या एका विरळ जंगलात गुरांचा एक कळप राहत असे. बालमित्रांनो, त्या कळपात एक कालवड होती, आणि जिथे तिथे नाक खुपसल्याशिवाय तिला चैन पडत नसे. त्या वर्षी उन्हाळा फार कडक पडला. गवत आधी पिवळे पडले, मग दिसेनासे झाले. कालवडीची आई नुकतीच व्यायली होती. तिचे दूध आटत चालले होते आणि धाकटे वासरू कोरडे सड चोखून हंबरत होते. ते ऐकून कालवड चारा शोधत माळभर हिंडायची.

एके दुपारी तिला बाभळीखाली एक शेळी दिसली. सगळे जंगल हडकलेले, आणि ही मात्र चांगली गुटगुटीत. खाली पडलेल्या वाळक्या शेंगा ती कडाकडा चावत होती. कालवडीला राहवेना. "शेळीताई, या शेंगा गुरांना चालतात का गं?" तिने विचारले.

"ते मला काय ठाऊक? मला चालतात," असे म्हणून शेळी पुन्हा खाऊ लागली.

कळपातला थोरला बैल हसला. "आता आपण शेळीचं खायचं की काय? आपण गवत खाणारे." कालवड पुढे झाली. काटे चुकवून तिने दोन-चार शेंगा उचलल्या. तुरट लागल्या. मग सावलीत रवंथ करत ती पोटाकडे लक्ष ठेवून बसली. दुखते का? फुगते का? काहीच झाले नाही. दुसऱ्या दिवशी तिने थोड्या जास्त खाल्ल्या, नंतर आणखी थोड्या. अंगात त्राण आले, तेव्हा ती आईला तिथे घेऊन गेली. "आई, आज थोड्याच खा हं. पोटाला त्यांची ओळख होऊ दे," ती म्हणाली.

मायलेकींच्या अंगावर तुकतुकी आलेली पाहून बैलाला धीर निघेना. एका बाभळीखालचा सगळा सडा त्याने एका दमात फस्त केला आणि वर ओढ्यावर जाऊन घटाघटा पाणी प्यायला. शेंगा पोटात फुगल्या आणि स्वारी आडवी झाली.

"विषारी शेंगा आहेत तुझ्या," तो कण्हत म्हणाला.

"मामा, आम्हीही त्याच खातो," कालवड म्हणाली. "पण आम्ही पोटाला विचारून खातो."

बैल कसाबसा वाचला, पण कितीतरी दिवस त्याला समोरचा चारा नुसता बघत बसावे लागले. वासरू मात्र, बैल आडवा पडला त्याच संध्याकाळी, आईला पुन्हा सुटलेले दूध पोटभर पिऊन तिच्या कुशीत झोपले.

तात्पर्य : नव्या गोष्टीला नाक मुरडू नये आणि तिच्यावर अधाशासारखे तुटूनही पडू नये, आधी थोडी चाखून पाहावी, मग आपलीशी करावी.